पावलांना कंठ फुटताना

1951 साली आलेल्या 'ॲन अमेरिकन इन पॅरिस' या चित्रपटातली नायिका लीझ लेस्ली कॅरॉननं रंगवली. चित्रीकरणाच्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती. पॅरिसमध्ये रोलाँ पेतीच्या बॅले मंडळीत नाचणाऱ्या या मुलीला जीन केलीनं हेरलं आणि हॉलिवूडला नेलं. चित्रपट गर्श्विन बंधूंच्या गाण्यांनी भरलेला आहे. केली गातो, जॉर्ज गेतारी गातो, पण नायिकेच्या वाट्याला एकही गाणं आलेलं नाही. ती नाचते, आणि अप्रतिम नाचते. शेवटच्या सतरा-एक मिनिटांच्या बॅलेत तर कुणीच काही बोलत नाही.

त्याच कथेवर ख्रिस्तोफर व्हील्डननं रंगमंचासाठी म्युझिकल बसवलं. डिसेंबर 2014 मध्ये ते पॅरिसच्या शातले नाट्यगृहात झालं आणि एप्रिल 2015 मध्ये ब्रॉडवेवर आलं. यातली लीझ होती लिअ‍ॅन कोप. 2003 पासून लंडनच्या रॉयल बॅलेत नाचणारी, पण तिथल्या प्रमुख नर्तिकांच्या यादीत नाव नसलेली. ही लीझ नाचते, बोलते आणि 'द मॅन आय लव्ह' गाते. त्या वर्षी म्युझिकलमधल्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या टोनी पुरस्कारासाठी कोपला नामांकन मिळालं. पहिल्या लीझला गाणं नाही आणि दुसरीला आहे, यांमध्ये साठाहून जास्त वर्षांचं अंतर आहे. ते पार करायला बॅले शिकलेल्या बाईला काय काय करावं लागलं, याकडे आपण नीट पाहिलेलं नाही असं मला वाटतं.

बॅले सोडून म्युझिकलकडे वळणाऱ्या नर्तिकेबद्दल दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे ती खाली उतरली. अभिजात कला सोडून करमणुकीच्या दुकानात जाऊन बसली. दुसरं वरवर कौतुकाचं आहे: हिला नाचता तर येतंच, आता दोन गाणी शिकली की झालं. मला दोन्ही मतं चुकीची वाटतात, आणि त्यातलं दुसरं जास्त घातक. गाणं शिकणं हा या प्रवासातला छोटा भाग आहे. बॅलेच्या शाळेनं लहानपणापासून तिच्यात एक गोष्ट मुरवलेली असते, ती म्हणजे गप्प राहणं, आणि ती मोडायला फार कष्ट पडतात.

बॅलेचा वर्ग पाहा. सात-आठ वर्षांची मुलगी भिंतीलगतच्या आडव्या दांड्याला, म्हणजे बारला, धरून उभी राहते. प्लिएपासून, म्हणजे गुडघे वाकवण्यापासून, सुरुवात होते आणि पुढे व्यावसायिक मंडळीत गेल्यावरही रोज सकाळी त्याच प्लिएपासून दिवस सुरू होतो. शिक्षिका बोलते, पियानो वाजतो, विद्यार्थिनी शरीरानं उत्तर देते. चूक दाखवली की मान हलवायची आणि पुन्हा करायचं. दहा-बारा वर्षं हे असंच चालतं. या काळात तिचा आवाज कुणी ऐकलेला नसतो, कारण त्याची कुणाला गरजच पडलेली नसते.

शिवाय हे गप्प राहणं तोंडापुरतं नसतं. श्रम दिसू नयेत हा बॅलेचा पहिला नियम. उडी कितीही उंच असो, चेहरा शांत हवा, धाप लागली तरी छाती वरखाली होताना दिसता कामा नये, जमिनीवर पाय टेकल्याचा आवाज येता कामा नये. नवे पॉइंट शूज नर्तिका दाराच्या फटीत चेपतात, जिन्याच्या दगडी पायरीवर आपटतात, कुणी तर हातोडीनं ठोकतात. त्यातला एक हेतू बूट पायाला सरावावेत हा असतो आणि दुसरा, रंगमंचावर त्यांचा टकटक आवाज होऊ नये हा. ज्या कलेत बुटाचासुद्धा आवाज मारावा लागतो, तिथं वाढलेल्या मुलीला एक दिवस सांगितलं जातं: आता तोंड उघड आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोहोच.

शरीराच्या पातळीवर ही किती मोठी उलथापालथ आहे ते समजून घ्यायला हवं. बॅलेत पोट आत ओढलेलं, बरगड्या मिटलेल्या, पाठ ताठ. तोल याच घट्टपणावर उभा असतो. पिरूएत घेताना मधला भाग सैल पडला की गिरकी कोलमडते. गाण्याला नेमकं उलट हवं असतं. श्वास खाली उतरायला हवा, बरगड्या बाजूंना फुलायला हव्यात, पोट सुटायला हवं. मानेची आणि जबड्याची घट्ट पकड सोडल्याशिवाय सूर मोकळा होत नाही. म्हणजे वीस वर्षं जो स्नायू आवळायला शिकवला, तोच सोडायला शिकवायचा, आणि त्याच वेळी गिरकीही चुकू द्यायची नाही. चार मिनिटांचं धडधडतं नृत्य संपल्यावर लगेच लांब ओळ एका दमात म्हणायची, ही म्युझिकलमधली रोजची गोष्ट. म्हणून तिथले लोक धावत धावत गाण्याचा रियाज करतात. बॅले नर्तिकेकडे दमसास भरपूर असतो. तो कुठे साठवायचा आणि कसा सोडायचा, हे मात्र तिला नव्यानं शिकावं लागतं.

आणि मग ऑडिशन. नाचाच्या फेरीत तिला धास्ती नसते. समोर कुणीतरी दोन मिनिटांत पदन्यास दाखवतो आणि ती तो उचलते. हे तिनं आयुष्यभर केलंय. त्यानंतर गाण्याची फेरी येते. खोलीत एक पियानोवादक आणि टेबलामागे काही माणसं. गाण्याचे सोळा बार, म्हणजे तालाचे सोळा छोटे खंड म्हणायचे, जेमतेम अर्धं मिनिट. इथं रांग नाही, आरसा नाही, शेजारी तालात हलणारी दुसरी मुलगी नाही. नाचात तिच्याकडे पाहणारे तिचं तंत्र पाहत होते. इथं ते तिच्याकडेच पाहतायत. ज्या नर्तिका या अर्ध्या मिनिटात कोसळतात त्या बेसूर असतात म्हणून कोसळतात असं मला वाटत नाही. लोकांसमोर 'मी' म्हणून उभं राहण्याचा प्रसंगच त्यांच्यावर आलेला नसतो.

बॅलेनं नाचणाऱ्याचा आवाज तर घेतलाच, पुष्कळदा नावही घेतलं. गेल्या शतकातल्या 'बॅले रूस' मंडळ्यांमध्ये अमेरिकी, इंग्रज, जर्मन मुलांना रशियन नावं दिली जात, कारण रशियन नावाशिवाय बॅले खरा वाटत नसे. ब्रिगिट्टा हार्टविगची व्हेरा झोरिना झाली. मार्क प्लॅट काही काळ प्लाटॉफ होता. पुढे सिड चरिस म्हणून गाजलेली मुलगी फेलिया सिदोरोव्हा या नावानं नाचत होती. हे तिघंही नंतर ब्रॉडवेवर किंवा हॉलिवूडमध्ये गेले.

सोनो ओसातोची गोष्ट याहून बोचरी आहे. तिचा जन्म 1919 चा, अमेरिकेतल्या ओमाहाचा. वडील जपानी. चौदाव्या वर्षी ती 'बॅले रूस'मध्ये दाखल झाली. पर्ल हार्बरनंतर तिच्या वडिलांना अटक झाली आणि तिला नाव बदलण्याचा सल्ला मिळाला. काही काळ ती आईचं माहेरचं आडनाव लावून सोनो फिट्झपॅट्रिक म्हणून नाचली. युद्ध चालू असतानाच, डिसेंबर 1944 मध्ये, ब्रॉडवेवर 'ऑन द टाउन' आलं. लेनर्ड बर्नस्टाइनचं संगीत, जेरोम रॉबिन्सची नृत्यं. त्यातली आयव्ही स्मिथ म्हणजे न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेची त्या महिन्याची सुंदरी, जिच्या भित्तिचित्रावर एक खलाशी भाळतो. ही भूमिका सोनो ओसातोनं केली, स्वतःच्या नावानं. जपानी वंशाच्या हजारो कुटुंबांना अमेरिकेनं छावण्यांत डांबलेलं असताना अमेरिकेची लाडकी मुलगी म्हणून ही बाई रंगमंचावर उभी होती. ज्यांना म्युझिकल म्हणजे नुसता भपका वाटतो त्यांनी हा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा.

आता 'खाली उतरली' या आरोपाकडे येऊ. तो करणाऱ्यांना बॅलेचा इतिहास ठाऊक नसावा. विसाव्या शतकातल्या शुद्ध बॅलेचा सर्वांत मोठा रचनाकार कोण, असं विचारलं तर बहुतेक जण जॉर्ज बालंशीन हेच नाव घेतील. त्यानं 1934 साली न्यूयॉर्कमध्ये शाळा काढली आणि 1936 साली ब्रॉडवेवर रॉजर्स-हार्टच्या 'ऑन युअर टोज'ची नृत्यं बसवली. पुढे त्यानं चित्रपट केले, 1942 साली सर्कशीतल्या हत्तींसाठीसुद्धा नृत्य रचलं आणि त्याला संगीत स्ट्राविन्स्कीनं दिलं. न्यूयॉर्क सिटी बॅले ही मंडळी 1948 ची, म्हणजे हे सगळं करून झाल्यानंतरची. रॉबिन्स तर दोन्ही घरांत एकाच वेळी राहिला. या माणसांना आपण उतरलो-चढलो असं कधी वाटलेलं दिसत नाही. उतरंड लावली ती इतरांनी, आणि ती लावताना रचनाकार पुरुषांना सूट दिली, नाचणाऱ्या बायकांना दिली नाही.

पण म्युझिकलच्या बाजूनंही नर्तिकेवर अन्याय झालेला आहे, तोही सांगायला हवा. 31 मार्च 1943 ला 'ओक्लाहोमा!' सुरू झालं आणि त्याचे 2,212 प्रयोग झाले. त्यातला स्वप्नातला बॅले ॲग्नेस डमिलनं रचला. नायिका लॉरी झोपी जाते आणि जे तिला जागेपणी कबूल करता येत नाही, ती भीती, ती ओढ, ते सगळं नृत्यातून समोर येतं. नृत्य नाटकाच्या कथेत इतकं खोल मुरल्याचं त्याआधी फार क्वचित दिसलं होतं, आणि डमिलचं ते ऋण मोठं आहे. मात्र त्यासाठी लॉरी दोन करावी लागली. गाणारी लॉरी जोन रॉबर्ट्स आणि स्वप्नात नाचणारी लॉरी कॅथरिन सर्गावा. एका पात्राचा गळा एकीकडे, पाय दुसरीकडे. सोय म्हणून हे समजण्यासारखं होतं, पण या सोयीचीच पुढे सवय झाली.

सिनेमानं तर ती यंत्रानं पक्की केली. 'द बँड वॅगन'मध्ये सिड चरिस नाचते आणि आवाज इंडिया ॲडम्सचा असतो. 'ब्रिगडून' आणि 'सिल्क स्टॉकिंग्ज'मध्ये कॅरल रिचर्ड्सचा. 1958 च्या 'जीजी'मध्ये लेस्ली कॅरॉनच्या तोंडी गाणी आली, पण ती बेटी वॉन्डच्या आवाजात. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्याला यात खटकण्यासारखं काही वाटणार नाही. पण आपल्याकडे नट-नटी सरसकट उसन्या आवाजात गातात आणि गाणारीचं नाव घरोघरी माहीत असतं. हॉलिवूडमध्ये गाणारीचं नाव बहुधा झाकलं जाई, आणि नाचणारीला कळून चुके की आपलं शरीर पडद्यावर चालतं, आवाज चालत नाही.

ही फाळणी मोडायला सुरुवात झाली ती 26 सप्टेंबर 1957 रोजी आलेल्या 'वेस्ट साइड स्टोरी'नं. नाचणारा ताफा वेगळा आणि गाणारा वेगळा, ही जुनी चाल रॉबिन्सनं तिथं मोडीत काढली. ज्याला बोलायचं, त्यानंच गायचं आणि त्यानंच नाचायचं. यातली ॲनिटा होती चिता रिव्हेरा. तिचा प्रवास मला या विषयाचा गाभा वाटतो. वॉशिंग्टनची ही मुलगी किशोरवयात बालंशीनच्या शाळेत शिष्यवृत्तीवर आली. प्रवेशाच्या चाचणीत तिच्या पायाचा फोड फुटला, तेव्हा खुद्द बालंशीननं तिच्या पायाला पट्टी बांधली, ही आठवण ती सांगत असे. बॅलेरिना व्हायला आलेली ही मुलगी एका मैत्रिणीला सोबत म्हणून 'कॉल मी मॅडम'च्या ऑडिशनला गेली आणि निवड झाली ती तिचीच. ॲनिटाच्या भूमिकेत तिची ताठ पाठ, झटक्यात वळणारी मान, जमिनीवरची पकड ही सगळी बॅलेची कमाई आहे. पण ती आता काहीच लपवत नाही. घाम दिसतो, राग ऐकू येतो, टाचेचा ठोका मुद्दाम मोठा पडतो. टोनी पुरस्कार तिला दोनदा स्पर्धेत आणि 2018 साली जीवनगौरव म्हणून मिळाला. जानेवारी 2024 मध्ये ती गेली तेव्हा वयाची नव्वदी उलटली होती. बॅलेत राहिली असती तर पस्तिशी-चाळिशीच्या आसपास तिला निवृत्त व्हावं लागलं असतं.

त्यानंतरचा टप्पा 1975 च्या 'अ कोरस लाइन'चा. मायकेल बेनेटनं जानेवारी 1974 मध्ये ब्रॉडवेवरच्या काही नर्तकांना एका रात्री जमवलं आणि त्यांना बोलायला लावलं. नाच का सुरू केला, घरी काय चाललं होतं, नाच थांबला तर काय करशील. ते सगळं ध्वनिमुद्रित झालं आणि त्यातून नाटक उभं राहिलं. दिग्दर्शक अंधारातून विचारतो आणि रांगेत उभे असलेले एकेक जण पुढे येऊन स्वतःबद्दल सांगतात. त्यात तीन स्त्रिया मोडकळीला आलेल्या घरातून बॅलेच्या वर्गात पळून जाण्याबद्दल गातात. वर्गात त्यांना जे सांगता आलं नव्हतं ते रंगमंचावर सांगता आलं. या नाटकाला 1976 चा पुलित्झर मिळाला आणि मूळ निर्मितीचे 6,137 प्रयोग झाले.

नतालिया मकारोव्हाचं उदाहरण मात्र वेगळं. लेनिनग्राडच्या किरोव्ह बॅलेची ही तारका 1970 साली लंडनच्या दौऱ्यावर असताना परतली नाही. 1983 मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, 'ऑन युअर टोज'च्या नव्या निर्मितीत तिनं रशियन बॅलेरिनाचं विनोदी पात्र उभं केलं. आदल्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या प्रयोगात सजावटीचा तुकडा अंगावर पडून ती जखमी झाली होती. जड रशियन उच्चारांनी संवाद बोलून तिनं हशे वसूल केले आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा टोनी जिंकला. जगातल्या सर्वोत्तम 'जिझेल'पैकी एक मानली गेलेली ही बाई प्रेक्षकांना खळखळून हसवू शकते, हे किरोव्हमध्ये कुणाला कळलं असतं?

माझ्या म्हणण्यावर आक्षेप आहेत, आणि त्यांतला एक मला मान्य आहे. मायक्रोफोनमुळे आता कच्चा गळाही खपून जातो. एखाद्या प्रसिद्ध बॅलेरिनाला नावावर तिकिटं विकण्यासाठी घेतलं जातं, आणि गाणं, नाच, अभिनय तिन्ही वर्षानुवर्षं घोटलेली ताफ्यातली मुलगी मागेच राहते. हे होतं, आणि ते बरोबर नाही. पूर्वतयारीशिवाय आलेल्या नर्तिकेला प्रेक्षकानं सवलत देऊ नये. दुसरा आक्षेप शरीराचा. बॅले मंडळीत कार्यक्रम बदलत राहतात, ब्रॉडवेवर तीच भूमिका आठवड्याला आठ वेळा. त्याच सांध्यांवर, त्याच उडीवर तोच भार. हा धोका खरा आहे. पण त्यावर उपाय भूमिकेला पर्यायी कलाकार देणं, प्रयोग वाटून घेणं हा आहे. नर्तिकेला घरी बसवणं हा नव्हे.

राहता राहिला सर्वांत जुना आक्षेप: नाचणाऱ्याकडून गाण्या-बोलण्याची अपेक्षा करणं मुळात निसर्गाला सोडून आहे. याला उत्तर द्यायला मराठी वाचकाला ब्रॉडवेवर जायची गरज नाही. संगीत बारीत वाढलेल्या मुलीला गळा आणि पाय वेगळे करून कुणी शिकवलं नाही. लावणी गायची, अदा करायची आणि घुंगरूही बोलते ठेवायचे, हे तिनं एकाच बैठकीत उचललं. कथकमध्ये पढंत आहे. परणाचे बोल नर्तिका आधी स्वतः तोंडानं म्हणते, हातावर ताल धरते आणि मग नाचून दाखवते. पुण्यात रोहिणीताई भाट्यांनी 1947 साली नृत्यभारती सुरू केली. तिथून आणि इतर गुरूंकडून शिकून गेलेल्या कितीतरी मुलींनी धाप लागलेली असताना माइकसमोर येऊन स्वच्छ बोल म्हटले आहेत. दमलेल्या शरीरातून आवाज काढणं हा आपल्याकडे शिक्षणाचा भाग आहे. म्हणजे गप्प राहणं ही नृत्याची अट नसून एका विशिष्ट परंपरेनं केलेली निवड आहे, आणि ती निवड बदलता येते.

बॅलेनं हे बोलणं उसनं घ्यावं असं मी म्हणत नाही. 'स्वान लेक'मधल्या राजहंसीनं गायला लागू नये. तिचं मौन सुंदर आहे आणि ते तसंच राहावं. पण मौन पाळणारीला बोलता येत असेल तरच त्या मौनाला किंमत. कोप आणि तिच्यासोबत नायक झालेला न्यूयॉर्क सिटी बॅलेचा रॉबर्ट फेअरचाइल्ड या दोघांना व्हील्डननं नाचाची गुणवत्ता पाहून घेतलं. व्हील्डन स्वतः या दोघांच्याही मंडळींत नाचलेला, त्यामुळे काय मोडावं लागेल हे त्याला नेमकं ठाऊक असणार. गाण्याची तयारी या दोघांना त्यानंतर, भर तारुण्यात आणि जगाच्या डोळ्यांदेखत करावी लागली. ती दहाव्या वर्षी वर्गातच झाली असती तर किती जणींना हे दार उघडं मिळालं असतं?

हा प्रश्न आता आपल्यापासून फार लांबचा राहिलेला नाही. मुंबईत टुश्ना डल्लास यांची बॅले शाळा 1966 पासून चालू आहे. मुंबईतल्या साध्या घरांतून आलेले मनीष चौहान आणि अमीरुद्दीन शाह बॅले शिकून परदेशी गेले आणि त्यांच्यावर 2020 मध्ये 'ये बॅले' हा चित्रपट आला. 2023 साली बांद्रा-कुर्ला संकुलात 'वेस्ट साइड स्टोरी'चे प्रयोग झाले. ते पाहून कितीतरी मुलींना वाटलं असेल की आपणही तिथं असावं. न्यू जर्सीत, लंडनमध्ये वाढणाऱ्या मराठी घरांतल्या मुली तर शाळेच्या म्युझिकलमध्ये आजही उभ्या राहतायत.

या मुलींच्या आईवडिलांना आणि शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. मुलीला बॅलेला घातलं असेल तर गाण्यालाही घाला. मग ते नाट्यगीत असो, भजन असो वा इंग्रजी गाणं. पाठ ताठ करायला शिकवता तेव्हा श्वास मोकळा सोडायलाही शिकवा. आठवड्यातून एकदा वर्गात तिला पुढे बोलवा आणि आज नाचताना काय वाटलं ते चार वाक्यांत सांगायला लावा. पुढे ती राजहंसी होईल की ॲनिटा, हे तिचं तिला ठरवू द्या.